गोळीचा अंगरखा फोडू नका

आमच्या आईला गोळी गिळता येत नाही. वय झाले, घसा कोरडा पडतो, गोळी टाळूला चिकटून बसते. म्हणून खलबत्त्यात कुटून, मधात कालवून देण्याची रीत घरात पडली. गेल्या वर्षी पित्तासाठी डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोलची गोळी दिली, रोज सकाळी उपाशीपोटी एक. आम्ही तीही कुटली. दीड महिना झाला तरी छातीतली जळजळ हटेना. डॉक्टर बदलावा की काय, इथपर्यंत घरात गोष्ट गेली. शेवटी औषधाच्या दुकानातील ताईंनी विचारले, "काका, गोळी अख्खीच देता ना?" आम्ही खाली पाहिले.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. खतावणीतील दहा पैशांचा फरक आम्हाला रात्री झोपू देत नाही. पण पंधरा-पंधरा गोळ्यांच्या तीन पट्ट्या पैसे मोजून आणल्या आणि बहुतांशी वाया घालवल्या, हे काही ध्यानात आले नाही.

त्याचे असे आहे. हे औषध पोटातील आम्ल कमी करते खरे, पण ते स्वतः आम्लात टिकत नाही. म्हणून गोळीवर आम्लात न विरघळणारा पातळ लेप असतो. तो अंगरखा घालून गोळी जठर ओलांडते, लहान आतड्यात आम्लता कमी झाली की लेप विरघळतो, औषध रक्तात जाते आणि रक्तावाटे फिरून जठराच्या पेशींपर्यंत पोहोचते. आम्ही अंगरखा खलबत्त्यातच फाडला. मग औषध जठरातच नासणार, दुसरे काय होणार?

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तारापूरच्या एका औषध कारखान्यात कोटिंग खात्यात आहेत. त्यांना आम्ही खोदून विचारले. ते म्हणाले, साखरफुटाणे कसे करतात ते आठवा. फुटाणे फिरत्या कढईत टाकायचे, वर पाक सोडायचा, वाळू द्यायचा, पुन्हा पाक. जुन्या काळी गोळ्यांवर असेच साखरेचे थर चढवीत. कामाला दिवस जात आणि गोळी मूळ वजनाच्या दीडपट होई. 1950 नंतरच्या दशकात पातळ पडद्याचा लेप आला. आता छिद्रांच्या फिरत्या पिंपात गोळ्या घोळतात, वरून लेपाची बारीक फवारणी होते, गरम हवेने तो जागच्या जागी सुकतो. काही तासांत काम होते आणि वजन शेकडा दोन-चारच वाढते. हा पडदा बहुधा लाकूड किंवा कापसाच्या तंतूपासून केलेल्या पदार्थाचा असतो. पूर्वी तो सेंद्रिय द्रावकात कालवीत. त्याची वाफ कामगाराच्या नाकातोंडात जायची, आगीची धास्ती वेगळी. आता पुष्कळ ठिकाणी पाण्यात कालवतात, हे बरे झाले. आम्लाला दाद न देणारा लेप म्हणून लाखही वापरली गेली आहे, तीच, पळसा-बोराच्या झाडावर किडे तयार करतात ती.

सगळेच लेप सारखे नसतात. काही फक्त कडूपणा झाकायला आणि दमटपणापासून राखायला असतात. अशी गोळी फोडली तर तोंड कडू होईल, फारसे बिघडणार नाही. खरा धोका दुसऱ्या दोन जातींत. एक आम्लात न विरघळणारी, आईच्या गोळीसारखी. दुसरी सावकाश औषध सोडणारी. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, दम्याच्या काही गोळ्यांत दिवसभराचे औषध एकाच गोळीत भरलेले असते. ती कुटली तर दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो. निफेडिपिनची सावकाश सुटणारी गोळी चावली तर रक्तदाब झपाट्याने घसरून माणूस कोसळू शकतो.

डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळीवरही पुष्कळदा लेप असतो. हमाली करणारे, बिगारी कामावर जाणारे आपले बांधव ती शेंगदाण्यासारखी खातात आणि म्हणतात, लेप आहे, पोटाला लागत नाही. हा गैरसमज आहे. हे औषध रक्तातून फिरूनही जठराचे अस्तर दुबळे करते. लेप असूनही जखम होते, रक्तस्राव होतो.

पैसे वाचवायला गोळी अर्धी करणारेही वस्तीत पुष्कळ आहेत, त्यांना नावे ठेवणार नाही. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या ज्या गोळीवर मधोमध रेघ असते ती सावकाश सुटणारी असूनही अर्धी करता येते, मात्र चुरा करायचा नाही. इतर गोळ्यांची गोष्ट निराळी, म्हणून विचारल्याशिवाय सुरी लावू नये. पट्टीवरील नावापुढे एस.आर., ई.आर., एक्स.आर., सी.आर., ई.सी. अशी इंग्रजी अक्षरे असली, किंवा गॅस्ट्रो-रेझिस्टंट असे छापलेले असले, तर फोडू नये, चावू नये. अक्षर मुंगीएवढे आणि तेही इंग्रजीत, वाचणार कोण? कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना घरातल्या सगळ्या पट्ट्या एकदा वाचायला बसवा.

सावकाश सुटणारी मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्याला कधीकधी शौचात गोळीसारखे काही दिसते. घाबरू नये. ते रिकामे टरफल असते, औषध आत गेलेले असते.

गिळताच येत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. पुष्कळ औषधे पातळ स्वरूपात किंवा पाण्यात विरघळणाऱ्या गोळीत मिळतात. आईला ताईंनी आधी दोन घोट पाणी पिऊन घसा ओला करायला, ताठ बसून, भरल्या पेल्याने गोळी घ्यायला शिकवले. पहिले दोन दिवस ठसका लागला. पंधरवड्यात जळजळ उतरली. खलबत्ता आता लसूण-खोबऱ्यापुरता उरला आहे.