ऑफिस नवे करायचे, पण कोणाच्या सोयीने?



आपल्या कारखान्याच्या मुख्य ऑफिसची दुरुस्ती करावी, असा विषय संचालक मंडळापुढे आला आहे. गरज आहे, याबद्दल दुमत नाही. पावसाळ्यात स्लॅब गळतो, शेअर्स विभागाच्या भिंतीला ओल धरते आणि जुन्या वायरिंगला हात लावायला वायरमनसुद्धा कचरतो. तरी आराखडा पक्का होण्याआधी काही गोष्टी सभासदांच्या कानावर घालाव्यात, असे आम्हांस वाटते. भिंत उभी राहिल्यावर ‘इथं खिडकी पाहिजे होती’ म्हणून काय उपयोग?

आधी पैशाचे बोलू. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे लागते. उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज. म्हणजे उसाच्या बिलाचा पैसा फरशीकडे वळवला, तर ती फरशी १५ टक्के व्याजाने घातल्यासारखीच झाली. तेव्हा बिले आधी, रंग मागून. हा क्रम मंडळाने ठरावातच लिहून ठेवावा.

दुसरा पेच वेळेचा. गाळप साधारण मार्च-एप्रिलमध्ये बंद होते. त्यानंतर शेवटच्या पंधरवड्याची बिले, तोडणी-वाहतुकीचे हिशेब, यातून ऑफिसला मान वर काढता येत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो आणि जुलैपासून आडसाली लागणीच्या नोंदीला शेतकी विभागात झुंबड उडते. मधे उरतो जेमतेम दीड-दोन महिन्यांचा काळ. यात काम बसवायचे तर तयारी आदल्या वर्षीच हवी. वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने ३० सप्टेंबरपर्यंत होते. तिथे आराखडा व अंदाजपत्रक मांडावे, हंगाम चालू असताना मोहोरबंद निविदा मागवाव्यात, आणि उन्हाळा लागताच स्लॅबपासून सुरुवात करावी. वॉटरप्रूफिंग झाल्यावर स्लॅबवर पाणी साठवून ठेवून गळती पाहावी, तोवर खाली रंगाचा डबा उघडू नये. नव्या गिलाव्याला निदान आठवडाभर पाणी मारावे लागते, आणि मे महिन्यात पाण्याची काय तऱ्हा असते ते आपण जाणतोच. त्याचीही तजवीज आधी व्हावी.

आता मांडणी. सभासद गावाहून येतो तो कशासाठी? लागणीची नोंद, तोडणीची तारीख, वजनाची पावती, बिल, शेअर्स. ही सगळी टेबले तळमजल्यावर, शेजारी-शेजारी असावीत. आज नोंद एका टोकाला, बिल माडीवर आणि शेअर्सचे कारकून मागच्या खोलीत. म्हातारा माणूस दोन जिने चढून जातो आणि ‘खाली विचारा’ ऐकून परत येतो. ऑफिसची पायरी जमिनीपासून दीड फूट उंच आहे. त्याला रॅम्प करायचा तर नियमाचा उतार एकास बारा, म्हणजे रॅम्पची लांबी अठरा फूट. पुष्कळ ठिकाणी कोपऱ्यात चार-पाच फुटांची घसरगुंडी बांधून रॅम्प झाला म्हणतात. तसे आपल्याकडे नको. रांगेवर छप्पर, बसायला बाक, महिला सभासदांसाठी स्वच्छतागृह आणि त्याला पाणी हवे. चेअरमनसाहेबांची, एम.डी. साहेबांची केबिन चांगली असावी. बँकेची माणसे येतात, पाहुणे येतात, आमची ना नाही. पण अंदाजपत्रक हाती आले की आम्ही आधी बाकांचा आकडा शोधणार.

आणखी एक टेबल आम्ही मागतो. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद, संचालकांची यादी असे कागद विनामूल्य पाहता येतात. पण पाहायचे कुठे? काउंटरवर उभ्याने ताळेबंद कळत नाही. एक टेबल, दोन खुर्च्या, वर दिवा, एवढे पुरे.

सगळ्यात जास्त काळजी मात्र दप्तराची. कॉम्प्युटर आला तरी जुनी शेअर्स नोंदवही आणि वारसाच्या नोंदी कागदावरच आहेत. सभासद वारला की शेअर कोणाच्या नावे जायचा, हे त्या वहीतल्या एका ओळीवर ठरते. ती ओळ ओलीने पुसली किंवा वाळवीने खाल्ली, तर भाऊबंदकी कोर्टात जाते आणि मुलाच्या उसाची नोंद बापाच्या नावावर अडकून बसते. दुरुस्तीत भिंती बहुधा नीट होतात, कागद हरवतात. गवंडी येणार म्हणून घाईने वह्या पोत्यात भरल्या जातात, आणि त्यातले एखादे पोते रद्दीत जाते. म्हणून पहिली कुदळ पडण्याआधी प्रत्येक वहीची यादी व्हावी, बस्त्यांवर नंबर पडावेत, देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही व्हावी, आणि दप्तर कुलपाच्या कोरड्या खोलीत जावे. नव्या दप्तरखान्यात लाकडी फळ्या नकोत, लोखंडी रॅक हवेत, तेही भिंतीपासून अर्धा फूट सोडून. भिंतीला टेकवलेल्या रॅकवर ओल आणि वाळवी दोन्ही चढतात. वायरिंग नवे होईल तेव्हा या खोलीची लाईन वेगळी घ्यावी.

आराखड्याचा नकाशा सभेच्या आधी प्रत्येक गट ऑफिसात भिंतीवर लावावा, अशी विनंती आम्ही मंडळाला केली आहे. सभासदांनी तो पाहावा, आणि काही खटकल्यास सभेची वाट न पाहता गट ऑफिसात लेखी द्यावे.