मत्स्यजिरे आणि पाण्याची उष्णता

पावसाळ्यात महाड व पोलादपूर तालुक्यांतील तळी भरली की रोहू, कटला व मृगळ यांचे मत्स्यजिरे सोडण्याची वेळ येते. जिऱ्याची पिशवी दुपारच्या उन्हात रस्त्याकडेला तासभर पडून राहिली आणि निम्मे जिरे मेले, तर शेतकरी बीजास दोष देतो. बहुधा दोष उन्हाचा असतो.

मासा शीतरक्ताचा प्राणी आहे. पाणी तापले की त्याचे शरीरही तापते, आणि चयापचय, म्हणजे अन्न जाळून शक्ती निर्माण करण्याची क्रिया, वेग घेते. माशास सोसेल अशा मर्यादेत तापमान १० अंशांनी चढले, तर प्राणवायूची गरज सुमारे दुप्पट होते. उलट, पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळतो, तर ३० अंशांना साडेसातच. बंद पिशवीत भरलेला प्राणवायूही लवकर संपतो, आणि कर्बवायू व अमोनिया साचतात.

त्यात जिऱ्याचे वय महत्त्वाचे. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली ओडिशात पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने या माशांचे प्रजनन घडविले; तेव्हापासून अंडी केव्हा फुटली हे नेमके सांगता येते. म्हणून बीज घेताना वय अवश्य विचारावे. २७ ते ३० अंशांच्या पाण्यात अंडी सुमारे १५ ते १८ तासांत फुटतात. पुढे साधारण तीन दिवस पिल्लू पोटाखालील पीतकावर जगते. पाणी ऊन असेल तर ही शिदोरी आधीच सरते. त्या वेळी तळ्यात सूक्ष्म प्लवंग तयार नसेल, तर पिल्ले उपाशी मरतात.

वजनाच्या मानाने जिरे मोठ्या माशापेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू घेते. वाढीबरोबर हे प्रमाण उतरते. परंतु प्रत्येक पिल्लाची एकूण गरज चढतच जाते. यास्तव जितके जिरे एका पिशवीत येते, तितकी बोटुकली त्याच पिशवीत कदापि भरू नये.

वाहतूक रात्री किंवा पहाटे करावी. पिशवीवर ओले गोणपाट टाकावे. निघण्यापूर्वी बोटुकलीस खाद्य देऊ नये, कारण भरल्या पोटी प्राणवायू अधिक लागतो. पोलादपूरच्या घाटाखालील ओढ्यांवर भरणाऱ्या तळ्यांचे पाणी पिशवीतील पाण्यापेक्षा गार असू शकते. म्हणून पिशवी तळ्यात १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवावी, तळ्याचे पाणी थोडेथोडे आत घ्यावे, आणि जिरे आपणहून बाहेर पोहू द्यावे.