आलेख जुळला, पण कारण सापडले का?

विद्यापीठातल्या गणिती प्रतिमानांच्या प्राथमिक अभ्यासक्रमात साथरोगाचे मॉडेल बहुधा असतेच. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी ते १९२७ साली मांडले. लोकसंख्येचे तीन गट करायचे : लागण होऊ शकणारे, आजारी, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. नवी लागण पहिल्या दोन गटांच्या गुणाकाराच्या प्रमाणात होते. आजारी ठरावीक दराने तिसऱ्या गटात जातात. लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या एका मर्यादेहून जास्त असेल तरच साथ भडकते, आणि सर्वांना गाठण्याआधीच ती ओसरते, हे समीकरणांतून दिसते.

हे मॉडेल त्यांनी मुंबई बेटावरच्या १९०५-०६ मधील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंशी ताडून पाहिले. वक्ररेषा आकड्यांशी छान जुळली. पण तो प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता आणि ऋतूनुसार त्याचा जोर बदलत होता. समीकरणांत उंदीरही नव्हते, ऋतूही नव्हता. म्हणून आलेख जुळला तरी कारण सापडलेच, असे मानता येत नाही.

गृहीते उघड मांडणे, ती तपासणे आणि गरज पडल्यास बदलणे, ही या अभ्यासक्रमाची खरी शिकवण. समीकरण सोडवण्याइतकेच ते रचायला शिकणेही मोलाचे आहे.