परीक्षणाशी मतभेद : अ‍ॅनिमेच्या निमित्ताने

जपानमध्ये तयार होणाऱ्या रेखाचित्रांच्या चित्रपटांना आणि मालिकांना ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात. हा शब्द आज घरातील तरुणांच्या तोंडी सर्रास असला, तरी त्या वस्तूची ओळख वडीलधाऱ्यांनाही जुनीच आहे. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्या ‘जंगल बुक’ मालिकेसाठी सारे घर एकत्र बसत असे, ती मूळची जपानी होती. त्या मालिकेचे हिंदी शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले होते. पुढे ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ आले, आणि आता घिब्ली या चित्रसंस्थेचे चित्रपट व लांबलचक युद्धमालिका घरोघरी पाहिल्या जातात.

या पाहण्याबरोबर परीक्षणेही आली. एखादा समीक्षक एखाद्या कृतीला श्रेष्ठ ठरवतो, दुसरा तीच कृती टाकाऊ म्हणतो. ज्या मालिकेने एखाद्या मुलाची रात्रीची झोप घेतली, तिलाच कोणी तीन ओळींत निकालात काढले की त्याला राग येतो. उलट, ‘हिंसक’ एवढा एकच शब्द वाचून पालक एखादा चित्रपट घरात बंद करतात, तेव्हा तरुणांना अन्याय झाल्यासारखे वाटते. दोन्ही ठिकाणी मतभेद खरा असतो. तो मांडायचा कसा, एवढेच ठाऊक नसते. मग आवाज चढतो, दार आपटते आणि मूळ विषय बाजूलाच राहतो.

कापडाच्या दुकानात माल परत करायला दोन तऱ्हांची गिऱ्हाइके येतात. एक पायरीवरूनच ओरडते की हे दुकानच लबाडांचे आहे. दुसरे पावती काढते, कापड उलगडते आणि विणीत धागा कुठे तुटला आहे त्यावर बोट ठेवते. गादीवर बसलेला माणूस कोणाचे ऐकतो, हे व्यापारी घरात सांगावे लागत नाही. परीक्षणाशी असहमत होणाऱ्याचे काम या दुसऱ्या गिऱ्हाइकासारखे असावे.

माल एकच आहे ना, हे आधी पाहावे

पुष्कळ वाद दोघांनी निरनिराळ्या वस्तू पाहिल्यामुळे होतात. हायाओ मियाझाकी यांचा ‘नाउसिका’ हा चित्रपट जपानमध्ये १९८४ साली प्रदर्शित झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत तो ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावाने आला, तेव्हा त्यातील वीस मिनिटांहून अधिक भाग कापलेला होता आणि पात्रांची नावेही बदललेली होती. त्या कापलेल्या आवृत्तीवरून कोणी कथेला विस्कळीत म्हटले असेल, तर त्याचे म्हणणे त्याने पाहिलेल्या वस्तूपुरते खरे असू शकते. मालिकांच्या बाबतीतही तेच. एकाने तीन भाग पाहून लिहिलेले असते, दुसरा सव्वीस भाग पाहून भांडत असतो. म्हणून प्रतिवाद करण्यापूर्वी समीक्षकाने कोणती आवृत्ती, कोणत्या भाषेत आणि कुठवर पाहिली, हे पाहून घ्यावे. आपणही परीक्षण शेवटपर्यंत वाचलेले असावे. केवळ मथळ्यावर चिडणारा माणूस मथळ्याशीच भांडत असतो.

तथ्य, अर्थ आणि रुची

कोणत्याही परीक्षणात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात : काय घडले याची माहिती, त्याचा लावलेला अर्थ आणि लिहिणाऱ्याची आवडनिवड. तिन्हींना एकच उत्तर चालत नाही. माहिती चुकली असेल तर ती शांतपणे दुरुस्त करावी. तेथे वादाचे कारणच नसते. अर्थ पटत नसेल तर कृतीतील प्रसंग पुढे ठेवून बोलावे. रुची निराळी असेल, तर ती निराळी आहे एवढे मान्य करून पुढे जावे. ‘संथ गती मला कंटाळवाणी वाटली’ असे कोणी प्रामाणिकपणे लिहिले, तर त्याला कंटाळा आलाच नाही हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही.

मात्र त्या संथपणामागचे कारण दाखवता येते. ‘स्पिरिटेड अवे’ या २००१ च्या चित्रपटात चिहिरो ही मुलगी पाण्यावरून धावणाऱ्या रेल्वेत बराच वेळ नुसती बसून असते. कथा पुढे सरकत नाही; बाहेर संध्याकाळ होत जाते. जपानी भाषेत दोन क्रियांमधल्या रिकाम्या अवकाशाला ‘मा’ असा शब्द आहे. अमेरिकी समीक्षक रॉजर एबर्ट यांच्याशी बोलताना मियाझाकी यांनी टाळ्या वाजवून दोन टाळ्यांमधली शांतता म्हणजे ‘मा’, असे समजावले होते. हे ठाऊक झाल्यावर एखाद्याला तो प्रसंग आवडेलच असे नाही. पण तो दिग्दर्शकाच्या हातून निसटलेला नसून जाणूनबुजून ठेवलेला आहे, इतके त्याला दिसेल. असहमतीने समीक्षकाच्या हाती एवढी भर घातली तरी पुष्कळ झाले.

आक्षेपातील सत्य आधी मान्य करावे

अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या कुटुंबांत सर्वाधिक वाद होतो तो हिंसेच्या चित्रणावरून. त्यासाठी ‘प्रिन्सेस मोनोनोके’ हे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. १९९७ च्या या चित्रपटाने त्या वेळी जपानमधील उत्पन्नाचा उच्चांक मोडला होता. त्यात बाणाने माणसांचे हात तुटतात, एकाचे मस्तक उडते. ‘हा चित्रपट रक्तरंजित आहे, लहान मुलांना दाखवू नये’ असे परीक्षण कोणी लिहिले, तर चाहत्याचे पहिले उत्तर बहुधा असते, ‘तुम्हाला चित्रपट कळलाच नाही.’ येथेच वाद बिघडतो, कारण आक्षेपातील माहिती पूर्णपणे खरी आहे.

विधायक उत्तर वेगळ्या वाटेने जाते. दृश्ये भीषण आहेत आणि लहान मुलांसाठी ती योग्य नाहीत, हे ते प्रथम मान्य करते. मग प्रश्न बदलते : चित्रपट या हिंसेकडे कसा पाहतो? कथेच्या आरंभी गावावर चालून आलेल्या एका रानडुकररूपी देवाला आशिताका हा तरुण नाइलाजाने मारतो. त्या देवाच्या शरीरात लोखंडाची गोळी रुतलेली असते, आणि तिच्या वेदनेतून उपजलेला द्वेषच शाप बनून आशिताकाच्या हाताला चिकटतो. पुढे त्याचे बाण माणसांचे अवयव तोडतात ते त्या शापित हाताच्या बळावर, आणि त्यानंतर हातावरचा डाग वाढलेला दिसतो. मारण्याची शक्ती येथे रोगाचे लक्षण आहे. हे प्रसंग पुढे ठेवले, की ‘हिंसा दाखवणे’ आणि ‘हिंसेचे कौतुक करणे’ यांतील अंतर वडीलधाऱ्यांनाही दिसू शकते. ‘घरातील धाकट्यांनी हा चित्रपट अजून पाहू नये’ हा निर्णय तरीही कायम राहील, आणि तो योग्यच असेल. कृतीचे मोल आणि कृती कोणाला दाखवावी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या खात्यात लिहिले की हिशेब चुकतो.

याच चित्रपटात एबोशी नावाची स्त्री लोखंडाच्या भट्ट्यांसाठी जंगल तोडते; आणि तीच कुष्ठरोग्यांना व वेश्यागृहांतून सोडवलेल्या स्त्रियांना आसरा व काम देते. तिला खलनायिका म्हणणारा समीक्षक आणि उपकारकर्ती म्हणणारा समीक्षक, दोघांनीही काही पाहिलेले आहे. एका नयाने पाहिलेले पूर्ण सत्य नव्हे, हे ज्यांनी लहानपणापासून ऐकले आहे, त्यांना येथे फार समजवावे लागू नये.

कर्त्याचा शब्दही अखेरचा नव्हे

इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा १९८८ चा चित्रपट अकियुकी नोसाका यांच्या कथेवर आधारलेला आहे. १९४५ च्या बॉम्बवर्षावात अनाथ झालेली सेइता आणि सेत्सुको ही भावंडे उपासमारीने मरतात. जगभर या चित्रपटाचा गौरव युद्धविरोधी कृती म्हणून झाला. पण तो युद्धविरोधी चित्रपट नाही, असे खुद्द ताकाहाता सांगत असत. समाजापासून तुटून दोघांनीच जगू पाहणाऱ्या भावंडांचे अपयश त्यांना दाखवायचे होते. मग समीक्षक चुकले का? तसे म्हणता येत नाही. ज्या प्रेक्षकाला जळणारे शहर आणि उपाशी मूल दिसले, त्याने युद्धाचा धिक्कार केला तर त्याचा आधार पडद्यावरच आहे. त्याचबरोबर, कठोर बोलणाऱ्या मावशीचे घर अभिमानाने सोडण्याचा सेइताचा निर्णय ज्याला खटकतो, त्याचाही आधार पडद्यावरच आहे. दोघांनी आपापले प्रसंग पुढे ठेवले, तर तिसऱ्या माणसाला चित्रपट अधिक दिसतो. ‘दिग्दर्शकच असे म्हणाला’ एवढ्यावर वाद मिटवणे ही घाई झाली.

व्यक्तीवर घसरू नये

हिदेआकी आन्नो यांची ‘इव्हँजेलियन’ ही सव्वीस भागांची मालिका १९९६ साली संपली तेव्हा तिचे अखेरचे दोन भाग अनेकांना पटले नाहीत. टीका करण्याजोगे त्यांत बरेच होते. पण काहींनी भागांवर न बोलता माणसावरच रोख धरला, आणि धमक्यांपर्यंत मजल गेली. १९९७ साली आलेल्या नव्या शेवटाच्या चित्रपटात प्रेक्षकांच्या पत्रांची दृश्ये क्षणभर झळकतात. शिव्याशापांनी शेवट सुधारत नाही. कर्ता आणि प्रेक्षक दोघेही कडवट होतात.

याउलट उदाहरण मियाझाकी यांचे. ओसामू तेझुका यांना जपानी चित्रकथांचा प्रवर्तक मानतात. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा सर्वत्र स्तुती चालू असताना मियाझाकी यांनी स्पष्ट मतभेद नोंदवला. चित्रकथाकार म्हणून तेझुकांचा आपल्यावर असलेला ठसा त्यांनी मान्य केला. आक्षेप घेतला तो त्यांच्या चलच्चित्रांवर. १९६३ साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’च्या वेळी अत्यल्प मोबदल्यात मालिका देण्याचा पायंडा पडला आणि त्याचा भार पुढे साऱ्या व्यवसायाला वाहावा लागला, असा त्यांचा रोख होता. ते सारे योग्य होते की नाही यावर मतांतरे आहेत. पण काय मान्य आणि काय अमान्य, याची सीमारेषा त्यांनी आखून दिली, म्हणून त्या मतभेदाची चर्चा आजही करता येते.

घरात करून पाहावे असे

एखादे परीक्षण पटले नाही, तर त्याचे म्हणणे प्रथम आपल्या शब्दांत असे लिहावे की समीक्षकाने वाचले तर तो ‘होय, हेच माझे म्हणणे’ असे म्हणेल. मग त्यातील मान्य असलेली एक गोष्ट नोंदवावी. त्यानंतर अमान्य मुद्दा एकच निवडावा आणि त्यासाठी कृतीतील दोन प्रसंग द्यावेत. ‘सगळ्यांना आवडले’, ‘इतक्या कोटींचा धंदा केला’, ‘दहापैकी नऊ गुण मिळाले’ ही कारणे देऊ नयेत. गल्ला मोठा असला म्हणून माल चोख ठरत नाही, हे व्यापाऱ्याला कोणी सांगायला नको. शेवटी, कोणता प्रसंग दाखवला तर आपले मत बदलेल, हे स्वतःला विचारावे. उत्तर ‘कोणताच नाही’ असे आले, तर तो वाद थांबवलेला बरा.

वडीलधाऱ्यांनीही एवढे करावे, की ‘कार्टूनच ते’ म्हणून विषय झटकू नये. ज्या मुलाला चित्रपटाविषयीचे वेगळे मत कारणांसह, आदर राखून मांडू दिले जाते, तो उद्या पेढीवर बसल्यावर नव्या मालाविषयी, उधारीविषयी किंवा भागीदाराविषयी वेगळे मतही तसेच मांडेल. ज्याला ते कधी शिकायलाच मिळाले नाही, तो एक तर मुकाट राहील किंवा वेगळे दुकान थाटेल.