मँडोलिन आणि घरची बोली



गतवर्षी दहावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मधल्या सुट्टीत आम्हांला विचारले, "सर, 'लूझिंग माय रिलिजन' म्हणजे काय हो?" शब्दांचे कोशातील अर्थ ठाऊक असल्याने आम्ही तत्काळ उत्तरलो, "मी माझा धर्म गमावीत आहे." एवढ्यावर न थांबता, गीत कोणा नास्तिकाचे असावे, असा अभिप्रायही वर जोडला. हे उत्तर साफ चुकीचे होते. त्या चुकीची दुरुस्ती करावी आणि ज्या अल्बमात हे गीत आहे, त्याची ओळखही करून द्यावी, अशा दुहेरी हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तेथे १९८० साली गायक मायकेल स्टाइप, गिटारवादक पीटर बक, बेस गिटार वाजविणारा माइक मिल्स आणि ड्रमवादक बिल बेरी या चौघा तरुणांनी 'आर. ई. एम.' हा वाद्यवृंद स्थापिला. त्या काळी मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या व व्यापारी नभोवाणी केंद्रे ठरावीक साच्याच्या संगीतालाच उचलून धरीत. त्या साच्याबाहेरच्या मंडळींना आसरा असे तो लहान कंपन्यांचा आणि महाविद्यालयीन विद्यार्थी चालवीत त्या नभोवाणी केंद्रांचा. अशा संगीताला पुढे 'ऑल्टरनेटिव्ह रॉक', म्हणजे रूढ रॉक संगीताला पर्याय ठरणारे संगीत, हे नाव पडले. आर. ई. एम.चा पहिला पूर्ण अल्बम १९८३ साली निघाला. १९८८ मध्ये हा वाद्यवृंद वॉर्नर ब्रदर्स या मोठ्या कंपनीकडे आला आणि मार्च १९९१ मध्ये त्याचा सातवा अल्बम 'आउट ऑफ टाइम' प्रसिद्ध झाला.

त्यापूर्वीचा बराच काळ ही मंडळी दौऱ्यावर होती. विजेच्या गिटारचा सततचा गजर करून पीटर बकला तिचा कंटाळा आला होता. त्याने एक मँडोलिन विकत घेतले. हे वाद्य आपणांस परके नाही. कित्येक जुन्या हिंदी चित्रपटगीतांत ते ऐकू येते आणि आपल्या गोव्यातही गिटार-व्हायोलिनच्या जोडीला वाजते. आठ तारा, त्याही दोन-दोनच्या चार जोड्यांत बसविलेल्या. म्हणून एकेक स्वर दुहेरी, किंचित थरथरता निघतो. बकला ते वाजविता येत नव्हते. घरी दूरचित्रवाणीसमोर बसून तो सराव करी आणि तो सराव फितीवर मुद्रित करून ठेवी. दुसऱ्या दिवशी फीत ऐकता त्याच्या ध्यानी आले की, नवशिक्याच्या त्या चाचपडण्यामध्येच एक सुरावट नकळत उतरली आहे. तीच या गीताचा पाया ठरली.

हे गीत अल्बमाचे अग्रदूत म्हणून आधी बाजारात पाठवावे, असा वाद्यवृंदाचा आग्रह होता. कंपनी साशंक होती, आणि तिची शंका अगदीच निराधार नव्हती. लोकप्रिय गीताला श्रोत्याच्या ओठी बसणारे ध्रुवपद लागते. येथे तसे ध्रुवपद नव्हते. प्रमुख वाद्य गिटार हवे; येथे मँडोलिन होते. पण गीत अमेरिकेच्या विक्रीयादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. अल्बम अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. विशेष हे की, या अल्बमासाठी वाद्यवृंदाने नेहमीसारखा दौरा काढलाच नाही. १९९२ साली त्याला तीन ग्रॅमी पारितोषिके लाभली.

आता त्या शब्दांविषयी. 'लूझिंग माय रिलिजन' हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील लोकांच्या तोंडचा वाक्प्रचार आहे. सहनशक्ती संपणे, संयम सुटणे, हा त्याचा अर्थ. आपण 'पाणी डोक्यावरून गेले' असे म्हणतो, तेव्हा कोणी बुडालेले नसते, तसेच हे. गीताचा विषय आहे एकतर्फी ओढ: समोरच्याला आपल्या मनातले कळले की नाही, आपण फार बोललो की फारच थोडे, या विचाराने होणारी घालमेल. धर्मत्यागाशी त्याचा काही संबंध नाही.

या गीताच्या चित्रफितीचा दिग्दर्शक आपल्या देशातला, पंजाबातील जालंधर येथे जन्मलेला तरसेम सिंग होता. गाब्रिएल गार्सिया मार्केस या कोलंबियन लेखकाची एक कथा आणि काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराची चित्रे यांवरून त्याने दृश्ये रचिली. या चित्रफितीला १९९१ मध्ये एमटीव्हीच्या वर्षातील सर्वोत्कृष्ट चित्रफितीचा मान मिळाला. १९९७ मध्ये बिल बेरी निवृत्त झाला आणि २०११ साली आर. ई. एम.ने आपले कार्य थांबविले; गीत मात्र अद्याप आमच्या शाळेच्या व्हरांड्यापर्यंत येऊन पोहोचते.

लाखो प्रती खपल्या म्हणून गीत उत्तम, असे आम्ही म्हणणार नाही. खप हे गुणवत्तेचे माप नव्हे. तथापि एक गोष्ट आम्हांस बोचली. ज्या विद्यार्थ्याने आम्हांला तो प्रश्न विचारला, त्याच्या निबंधात घरच्या कोंकणीतला एक वाक्प्रचार आला होता आणि 'अशुद्ध' असा तांबडा शेरा मारून आम्ही तो खोडला होता. आम्ही स्वतः घरी कोंकणीच बोलतो. त्या वाक्प्रचाराचा अर्थ आम्हांला पुरता कळला होता. जॉर्जियातील गायकाने मात्र आपल्या मुलखातील बोली खोडली नाही, आणि ज्यांना तिचा अर्थही ठाऊक नव्हता, अशांनी ती जगभर ऐकली.

मराठीचे व्याकरण सांभाळलेच पाहिजे. तेथे सवलत नाही. पण घरची म्हण नेमकी बसत असेल, तर ती निःशंकपणे लिहा. आम्ही त्या मुलाची वही परत मागविली आणि तो शेरा काढून टाकला. त्याचा प्रश्न लहान होता. आम्हांला त्याचे उत्तर शिकावयास वर्ष लागले.