चहा, काढा आणि फांट

मराठीत ‘चहा’ हा शब्द आता एका झाडापुरता उरलेला नाही. गवती चहा, तुळशीचा चहा, जास्वंदीचा चहा अशी नावे आपण सहज घेतो. यांतला खरा चहा कोणता, हा प्रश्न शब्दच्छल वाटेल. पण त्याच्या उत्तराशी आपली झोप, रक्तातले लोह आणि रक्तदाब यांचा संबंध आहे, म्हणून तो इथे मांडतो.

चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाची पाने. हिरवा आणि काळा चहा वेगवेगळ्या झाडांचा, असा युरोपात दीर्घकाळ समज होता. लिनियसने १७६२ मध्ये त्यांना दोन स्वतंत्र जातींची नावेही दिली. १८४०च्या दशकात चीनमध्ये हिंडलेल्या रॉबर्ट फॉर्च्यूनने दोन्ही चहा एकाच झाडापासून होतात हे दाखवून दिले. फरक आहे तो प्रक्रियेचा. खुडलेले पान चुरगळले की त्यातली विकरे हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने पॉलिफेनॉल द्रव्यांचे रूप बदलतात आणि पान काळपट होते. आधीच वाफ किंवा कढईची धग देऊन विकरे निकामी केली, तर ते हिरवे राहते. मधेच थांबवले तर ऊलाँग. कॅफीन मात्र तिन्हींत असतेच. झोप लागत नाही म्हणून रात्री ग्रीन टी घेणारा माणूस झाड बदलत नाही, रंग बदलतो.

गवती चहा मात्र नावाप्रमाणे गवतच. त्याचा लिंबासारखा वास सिट्रालचा. कॅफीन त्यात नाही. तुळस, आले, जास्वंद यांतही नाही. अर्थात चहापूड टाकून त्यात आले किंवा गवती चहाची पात उकळली, तर तो चहाच. उलट, चहा नाही म्हणजे कॅफीन नाही, असेही नव्हे. दक्षिण अमेरिकेतल्या येर्बा मातेचे झाड निराळे, तरी तिच्यात कॅफीन आहे.

या इतर पेयांसाठी आपल्याकडे जुने, नेमके शब्द आहेत. शार्ङ्गधरसंहितेत वनस्पती सोळापट पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवला की क्वाथ, म्हणजे आपला काढा. गरम पाण्यात भिजवून गाळले की फांट, आणि थंड पाण्यात रात्रभर ठेवले की हिम. हे शब्द कृती सांगतात. ‘चहा’ झाड सांगतो. त्या हिशेबाने पुदिन्याच्या पानांवर गरम पाणी ओतून गाळले, तर तो फांट.

शब्दांच्या सरमिसळीतून दोन गैरसमज होतात. जेवणाबरोबर घेतलेला चहा डाळी-भाज्यांतले लोह शोषू देत नाही; हे काम कॅफीनचे नसून पॉलिफेनॉलचे. म्हणून पुदिन्याचा फांटही तेच करतो. रक्त कमी असलेल्या बाईने जेवणानंतरचा चहा सोडून तो घेतला, तर काहीच साधत नाही. जेवण आणि पेय यांत तास-दीड तासाचे अंतर हवे. दुसरा समज, वनस्पतीचे म्हणजे निरुपद्रवी. ज्येष्ठमधाचा काढा रोज, भरपूर घेतला तर शरीरातले पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो.

म्हणून माझा आग्रह पाकिटावरचे नाव सोडून त्यामागची घटकांची यादी वाचण्याचा आहे. त्यात चहाची पाने असतील तर तो चहा. नसतील, तर कोणती वनस्पती आहे ते पाहावे आणि तिच्या गुणदोषांचा विचार स्वतंत्रपणे करावा.