पॅरिसचे घड्याळ नागपुरात मागे का पडते?

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडे एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच टेबल-घड्याळे असतात. संगमरवरी बैठक, सोनेरी मुलाम्याच्या मूर्ती, मागे वीतभरही लांब नसलेला लंबक. असे घड्याळ पॅरिसमध्ये अगदी बरोबर लावले आणि तसेच उचलून नागपुरात आणले, तर ते रोज किती मागे पडेल?

लंबकाच्या एका हेलकाव्याला लागणारा वेळ त्याची लांबी आणि त्या ठिकाणचे गुरुत्वत्वरण यांवर ठरतो. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते आहे. त्यामुळे ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे यावे तसे गुरुत्वत्वरण कमी होते. पॅरिस ४९ अंश अक्षांशाजवळ आहे, तर नागपूर २१ अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच. पॅरिसला गुरुत्वत्वरण ९.८०९, तर नागपूरला हिशेबाने सुमारे ९.७८६ मीटर प्रति वर्गसेकंद येते. फरक ०.२४ टक्के. हेलकाव्याचा वेळ गुरुत्वत्वरणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून वेळेत फरक पडतो त्याच्या निम्मा, ०.१२ टक्के. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर घड्याळ रोज सुमारे १०० सेकंद मागे पडेल. लंबक आखूड असो वा लांब, उत्तर तेच.

हे प्रथम ध्यानात आले तेही फ्रेंच घड्याळामुळेच. १६७२ साली झाँ रिशे हे खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेले. पॅरिसचे त्यांचे घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटे मागे पडू लागले. न्यूटन यांनी १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात पृथ्वी चपटी असल्याच्या विवेचनात या निरीक्षणाचा आधार घेतला.

आता नागपूरचा उन्हाळा पाहू. हिवाळा आणि मे महिना यांत घरातल्या तापमानात २० अंश सेल्सिअसचा फरक धरला, तर लंबकाची पोलादी दांडी लांबून घड्याळ रोज आणखी १० सेकंद मागे पडते. दांडी पितळी असेल तर १६ सेकंद. काही फ्रेंच घड्याळांच्या लंबकात म्हणूनच पाऱ्याच्या दोन नळ्या असतात. उष्णतेने दांडी खाली वाढते, पारा नळीत वर चढतो आणि एकूण परिणाम बराचसा कमी होतो.

पॅरिस आणि नागपूर यांतल्या फरकावर उपाय सोपा आहे. यंत्राच्या मागच्या पत्र्यावर पुष्कळदा दोन आकडे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ ५ आणि २. ही लंबकाची लांबी: ५ पूस, म्हणजे जुने फ्रेंच इंच, आणि २ लिन्य, म्हणजे त्या इंचाचे बारावे भाग. एक पूस २७.०७ मिलिमीटरचा, म्हणून ही लांबी सुमारे १४० मिलिमीटर झाली. तिच्या ०.२४ टक्के म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश. तेवढा लंबक आखूड केला की झाले. आशिल ब्रोको यांच्या योजनेची घड्याळे असतील तर तबकडीवर १२ च्या आकड्याजवळ बारीक छिद्र असते. त्यात छोटी किल्ली फिरवून हे काम समोरूनच करता येते.

एवढे न जाणल्यामुळे ‘वेळ बरोबर दाखवत नाही’ म्हणून मूळ यंत्र काढून त्या जागी बॅटरीचे यंत्र बसवले जाते. मग राहते ती नुसती मूर्ती. मूळ लंबक हरवला, तर ते दोन आकडेच नवा लंबक करायला उपयोगी पडतात. यंत्र भंगारात गेले की तेही जातात.

संग्राहकांसाठी आणखी दोन गोष्टी. यंत्रावर ‘सुवर्णपदक, पॅरिस १९००’ असा शिक्का असेल तर ते साल पदकाचे आहे, घड्याळ त्यानंतरचे. आणि सोनेरी मूर्ती चिंच लावून घासू नयेत. सोने पाऱ्यात कालवून, धातूवर लावून, तापवून पारा उडवला की हा मुलामा बसे. त्या वाफेने कारागिरांचे आयुष्य घटले. तो पातळ थर एकदा गेला की परत येत नाही.

वर्गात घड्याळ नसले तरी चालेल. दोरीला नट बांधून टांगणबिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत ९९.२ सेंटिमीटर लांबी ठेवा आणि लहान झोका देऊन १०० पूर्ण हेलकावे मोजा. नागपुरात सुमारे २०० सेकंद लागतील. पॅरिसमध्ये याच दोरीला किती लागतील, हे विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे.